आईचा मेंदू आणि काकांचा शब्द

आईच्या डोक्याबद्दल आमच्या नात्यातल्या प्रत्येकाचं काही ना काही मत होतं. आपण गेल्यावर आपला मेंदू संशोधनाला द्यायचा असं तिनं ठरवलं, आणि खरोखरच तो दिला गेला, तेव्हा तर जो तो तज्ज्ञ झाला. मी आईचा मेंदू देऊन टाकला असं काही जण अजून म्हणतात. मी दिलेला नाही. तो तिचा होता, तिनं दिला. मी तो वेळेत पोचवला, आणि काकांनी परत मागितला तेव्हा नाही म्हटलं. लग्नामुंजीत मला बघून बायका अजून आवाज खाली करतात. मला कुजबुज आवडत नाही, म्हणून हे मोठ्यानं सांगून टाकते.

आई डोंबिवलीत मिरची कांडप चालवायची. सुरू बाबांनी केलेलं. बाबा लवकर गेले, मग ते तिचंच झालं. होळीच्या आसपास आमच्या गाळ्यासमोर बायकांची रांग लागायची ती पार वैशाखापर्यंत. प्रत्येकीच्या पिशवीत आपापल्या घरच्या मापानं भाजलेल्या मिरच्या आणि गरम मसाला. कुणाकडे बेडगी जास्त, कुणाला लवंगी लागते, कुणाच्या सासूला दगडफूल चालत नाही, हे सगळं आईच्या डोक्यात. मशीनची मुसळं धडधडत असायची, लाल खकाणा उडत असायचा, आणि ती तोंडाला पदर बांधून मध्ये उभी. बाहेर उभी असलेली बाई शिंकून शिंकून बेजार, आईला मात्र कधी साधा ठसका लागला नाही.

काका म्हणजे बाबांचे धाकटे भाऊ. मिसरूड फुटायच्या वयात कोकणातल्या गावाहून आमच्याकडे आले आणि आईच्या हातचं जेवून मोठे झाले. नोकरी लागली, लग्न झालं, शेजारच्याच बिल्डिंगमध्ये घर घेतलं, तरी रविवारचं मटण आईकडेच. तिचा शब्द त्यांनी कधी खाली पडू दिला नाही. हे आधीच सांगते, कारण पुढे काका वाईट माणूस वाटतील. वाईट नाहीत, हट्टी आहेत. आमच्या घरात त्या बाबतीत कुणालाच कमी पडलेलं नाही.

आजाराची सुरुवात हातापासून झाली. सुपात मसाला काढताना आईचा उजवा हात एकदम उडायचा, त्याच बाजूचं तोंड आवळून यायचं, आणि डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोच सगळं जागच्या जागी. मसाला तेवढा जमिनीवर. दिवसातून कितीतरी वेळा असं व्हायचं. मग ती विसरायला लागली. मी तेव्हा वर्तकनगरला राहायचे. ठाण्यातल्याच एका कॉलेजच्या ग्रंथालयात नोकरी. एका दुपारी तिचा फोन आला. "मी पानं वाढून बसलेय," ती म्हणाली, "तुझे बाबा अजून कसे नाही आले?" बाबांना जाऊन तेव्हा कितीतरी वर्षं झाली होती. मी पुस्तकांच्या दोन कपाटांच्या मध्ये फोन कानाला लावून उभी राहिले. त्याच आठवड्यात बॅग भरली आणि डोंबिवलीला राहायला आले.

घर सल्ल्यांनी भरून गेलं. शेजारणीनं दृष्ट काढली. कुणी म्हणालं, जन्मभर मिरची नाकातून गेली ती आता मेंदूत चढली. काकांनी गावाहून अंगारा मागवला आणि गाळ्याच्या दाराला लिंबू-मिरची टांगली. आत पोत्यानं मिरची पडलेली आणि दारात या सात मिरच्या. मी म्हटलं, "काका, बाहेरच्या भुताला ह्या सात दिसतील, आतलं पोतं दिसणार नाही का?" ते रागावले आणि दोन दिवस जेवायला आले नाहीत.

डॉक्टर तरी काही वेगळे होते असं नाही. एक म्हणाले, वय झालं, एकटेपणा आहे. दुसऱ्यांनी हा स्मृतिभ्रंश आहे, असंच वाढत जाणार, असं सांगून झोपेच्या गोळ्या दिल्या. आई दिवसभर पेंगायची आणि जागी झाली की संशय घ्यायची. एका जुन्या गिऱ्हाइकावर तिनं मिरची बदलल्याचा आळ घेतला. त्या बाईनं भर गल्लीत सांगितलं, हिचं डोकं फिरलंय. झालं. त्या दिवसापासून आमच्या भागात आईची ओळख तीच.

शेवटी ठाण्यात मेंदूच्या एका डॉक्टरांनी तिला बघितलं. म्हणजे खरंच बघितलं. मी बोलत होते आणि ते माझ्याकडे न बघता आईच्या हाताकडे बघत होते. हात उडाला. "हे कधीपासून?" त्यांनी विचारलं. मी सांगितलं. इतके दिवस हे कुणी विचारलंच नव्हतं. त्यांनी रक्त तपासलं, त्यात मीठ कमी निघालं. मग पाठीच्या मणक्यातून पाणी काढून तपासायला पाठवलं आणि ते आल्यावर मला समोर बसवून सांगितलं की हा स्मृतिभ्रंश नाही, वेडही नाही. मेंदूला सूज आहे. शरीरात रोगाशी लढणारी जी यंत्रणा असते ती बिथरून स्वतःच्याच मेंदूवर उलटली आहे. औषध आहे. उशीर झालाय, पण आहे.

मग सलाईनमधून स्टेरॉइड, मग रक्त मशीनमधून फिरवून गाळणं, मग महिनोन्‌महिने गोळ्या. आईचं तोंड सुजून चंद्रासारखं गोल झालं. पण हात उडायचा थांबला. एका सकाळी मी चहा दिला तर घोट घेऊन म्हणाली, "आलं किसून घातलंस ना? ठेचायचं असतं." मी बाथरूममध्ये जाऊन रडले. कितीतरी महिन्यांनी पहिल्यांदा तिनं मला माझी आई असल्यासारखं टोकलं होतं.

आजारातले महिने तिला कधीच आठवले नाहीत. डॉक्टरांनी तिलाही सगळं समजावून सांगितलं. ती नीट ऐकून घेऊन म्हणाली, "म्हणजे डोक्यात खकाणा उडालेला, आणि बंद करायचं बटण कुणाला सापडत नव्हतं." डॉक्टर हसले. त्यांना खकाणा म्हणजे काय ते मला सांगावं लागलं.

गाळा पुन्हा उघडला तेव्हा आईनं सगळ्यात आधी एक काम केलं. जी बाई भर गल्लीत बोलली होती ती मिरची घेऊन आली, तशी मशीन बंद करून, सगळ्या रांगेला ऐकू जाईल अशा आवाजात आई म्हणाली, "मला वेड लागलेलं नव्हतं. मला सूज होती. मेंदूला सूज येते, औषधानं उतरते. घरी कुणाचा हात असा उडायला लागला तर अंगारा लावू नका, डॉक्टरकडे न्या." मग मशीन चालू केलं. त्या वर्षी प्रत्येक पिशवीबरोबर तिनं हे सांगितलं. लोक मागे हसायचे. ती तोंडावर हसायची.

पुढची पाच-सहा वर्षं आम्हाला आई परत मिळाली. अगदी होती तशी नाही. काही मापं तिच्या डोक्यातून कायमची गेली होती. पण भांडणारी, जेवायला वाढणारी, काकांना "बनियन बदल आधी" म्हणून दटावणारी आई होती. मी वर्तकनगरला परत गेले ते केवळ तिनं हाकललं म्हणून.

तपासणीला आम्ही ठाण्याला जायचो तिथे एक तरुण संशोधक मुलगी भेटायची. ती डॉक्टरच, पण रुग्ण तपासणारी नाही. घोडबंदर रोडच्या बाजूला एका संशोधन संस्थेत ती अशा सुजेवर काम करायची. दर वेळी आईचं थोडं रक्त न्यायची, आईच्या हातचा लाडू खायची आणि तिला काकू म्हणायची. एकदा तिनं बराच वेळ पेनाची उघडझाप केली आणि म्हणाली, "काकू, एक विचारायचंय, राग मानू नका. मेंदूत साफसफाई करणाऱ्या पेशी असतात. सूज येते तेव्हा त्या खवळतात. सूज उतरली की त्यांनी शांत व्हायला हवं. काहींच्या डोक्यात त्या शांत होत नसाव्यात, आतल्या आत धुमसत राहत असाव्यात, अशी आम्हाला शंका आहे. जिवंत माणसाच्या डोक्यात ते नीट बघता येत नाही."

"मेल्यावर येतं," आई म्हणाली.

"हो."

"मग न्या. माझ्या मागे ही काय त्याचं लोणचं घालणार आहे?"

परत येताना रिक्षात मी तिला विचारलं, खरंच तुला चालेल का. ती म्हणाली, "माझ्या डोक्याबद्दल गल्लीतल्या सगळ्यांचं बोलून झालंय. आता ज्यांना त्यातलं कळतं त्यांना बघू दे." आणि थोड्या वेळानं, "तू मागे फिरू नकोस हं. तुझे काका रडतील. तो रडला की तू विरघळतेस." मी म्हटलं, नाही फिरणार. तिनं काकांनाही सांगितलं, चक्क जेवताना. काकांना ती चेष्टा वाटली. "वहिनी, माझं पण घ्यायला सांगा, कोरं आहे, वापरलेलंच नाही," म्हणाले आणि रस्सा मागून घेतला.

मग पुन्हा उतरण लागली. या वेळी हात उडाला नाही, आरडाओरडा नाही. हळूहळू शब्द गेले, मग माणसं गेली. पुन्हा तपासण्या, पुन्हा औषधं, पण आधीसारखा उतार पडेना. सूज परत आली की वयाचा आजार मागून येऊन जोडला गेला की जुन्या सुजेनं आत काही जाळून ठेवलं होतं, हे डॉक्टरांना ठाम सांगता येत नव्हतं, आणि त्यांनी तसं प्रामाणिकपणे सांगितलं. मला मात्र त्या न कळण्याचा भयंकर राग यायचा. समोर माझी आई विझत होती आणि का, ते जगात कुणाला माहीत नव्हतं.

ती गेली न्युमोनियानं, डोंबिवलीच्या हॉस्पिटलमध्ये, सकाळी, चहाच्या वेळेला. मी तिच्या कपाळावर हात ठेवून बसले होते. थोड्या वेळानं उठून बाहेर आले आणि त्या संशोधक मुलीला फोन केला. ती म्हणाली, जितक्या लवकर आणाल तितकं बरं, उशीर झाला तर मेंदू बघण्यासारखा राहत नाही. घोडबंदरला तिच्या संस्थेशेजारच्या रुग्णालयात ती सगळी तयारी करून ठेवणार होती. मी फोन ठेवला तर मागे काका उभे.

"तू हे खरंच करणारेस?" त्यांनी विचारलं.

"आईनं सांगितलंय. तुमच्यासमोर."

"अगं, जेवताना म्हणालेली ती. जेवताना माणूस काय वाटेल ते बोलतो."

"आई जेवताना कधी खोटं बोलली का?"

तरी ते बाजूला होईनात. नातेवाईक जमायला लागले होते. कुणी म्हणालं, निदान दर्शन होऊ दे. कुणी म्हणालं, बाईमाणसाचं डोकं उघडणार, शोभतं का. मी म्हटलं, संध्याकाळी तिला घरी आणते, तेव्हा दर्शन घ्या, फुलं घाला, हवं ते करा. आत्ता वाट सोडा. मी मोठ्यानं बोलले. हॉस्पिटलच्या पॅसेजमध्ये मोठ्यानं बोलू नये हे मला कळतं, पण त्या दिवशी मी बोलले आणि त्याचं मला वाईट वाटत नाही. काका रागावलेले होते, तरी रुग्णवाहिकेत माझ्याआधी ते चढले. वहिनीला एकटं पाठवायला ते तयार नव्हते.

शिळफाट्यापर्यंत बरं गेलं. मुंब्र्याचा बायपास रेंगाळत सरला आणि माजिवड्याच्या पुढे घोडबंदर रोडवर आम्ही ठप्प झालो. पुढे ट्रक, मागे बस, दोन्ही बाजूंना गाड्या, सायरन वाजतोय आणि कुणाला सरकायला जागाच नाही. मी घड्याळ बघत होते. काका आईच्या पायांशी बसून नामस्मरण करत होते. मध्येच थांबून म्हणाले, "बघितलंस? वहिनीलाच जायचं नाहीये." मी म्हटलं, "काका, घोडबंदरला रोज हजारो लोक अडकतात. सगळ्यांच्या वहिन्या अडवून धरत नाहीत." मग मी खाली उतरले आणि पुढच्या गाड्यांच्या काचा ठोकत चालत सुटले. बाजूला घ्या, जरा बाजूला घ्या. कुणी शिव्या दिल्या, बऱ्याच जणांनी घेतली. एका मोटरसायकलवाल्यानं पुढे होऊन वाट करून दिली. आम्ही वेळेत पोचलो.

संध्याकाळी आईला ताब्यात घेतलं तेव्हा मी आधी तिच्या डोक्याकडे बघितलं. टाके दिसत नव्हते. केस धुऊन, विंचरून त्यांची सैलसर वेणी घातली होती आणि ती खांद्यावरून पुढे घेतली होती. त्या संशोधक मुलीनं स्वतः घातलेली. तिचे डोळे लाल झाले होते. घरी आल्यावर बायका डोक्याला काय केलंय ते बघायला वाकल्या आणि वेणी बघून मागे सरकल्या.

एकुलती मुलगी म्हणून विधी मी करू शकले असते. काकांना ते करायचे होते, मी करू दिले. एका वेळी किती ठिकाणी भांडणार. शिवाय त्यांचा तो हक्कच होता. आईनं त्यांना माझ्याआधी वाढवलं होतं.

दहावा शहाडजवळ उल्हास नदीच्या काठी होता. पिंड मांडले, पानावर आईला आवडणारे वडे ठेवले आणि आम्ही सगळे मागे सरकून उभे राहिलो. कावळा शिवला की गेलेल्या माणसाची काही इच्छा मागे राहिली नाही असं धरतात. कावळे होते. समोरच्या झाडावर बसून आमच्याकडे बघत होते. शेजारच्या कुटुंबाचा पिंड ठेवल्या ठेवल्या शिवला आणि ती माणसं आमच्याकडे दयेनं बघत निघून गेली. आमच्याकडे एक फिरकेना. मग नेहमीचं सुरू झालं. एकेक जण पुढे होऊन आईला शब्द द्यायला लागला. कांडप बंद पडू देणार नाही. गावच्या देवाला नारळ वाढवू. एक आत्या म्हणाली, "मुलीत जीव अडकलाय, तिचं कसं होणार म्हणून." मी म्हटलं, "माझं बरं चाललंय." कावळे हलले नाहीत. उन्हं चढली. भटजी दर्भाचा कावळा करून शिववायचं बोलायला लागले, तेव्हा आत्या माझ्याकडे वळली. "पुढे हो. माफी माग. सांग, मेंदू दिला, चुकलं. बघ मग कसा शिवतो."

"चुकलेलं नाही," मी म्हटलं.

"अगं, नुसतं म्हणायला काय जातंय?"

"मग तुम्ही म्हणा."

आणि तेव्हा काका पुढे झाले. ओलेत्यानं, हात जोडून, रडत. "वहिनी, तुमचा मेंदू मी परत आणतो. शब्द देतो. जा तुम्ही आता." त्यांचं वाक्य पुरं व्हायच्या आत एक कावळा खाली उतरला, त्यानं पिंडाला चोच लावली आणि वडा घेऊन गेला.

सगळे माझ्याकडे बघत होते. मला विचाराल तर त्याला भूक लागली होती. पण ते तिथे कुणाला सांगणार?

त्यानंतर काका मला सोडेनात. सकाळ-संध्याकाळ फोन. शब्द दिलाय, वहिनीनं तो घेतलाय, आता मी नाही आणला तर ती अधांतरी राहील. भांडण असतं तर मी भांडले असते. पण एकदा ते हळूच म्हणाले, "आजारात मला ओळखायची नाही गं ती. कोण तुम्ही, म्हणायची. आता डोकंच राहिलं नाही तर पुढल्या जन्मी ती आपल्याला कशी ओळखेल?" त्या रात्री मला झोप आली नाही. आईनं सांगितलं होतं, तो रडला की तू विरघळतेस. मी विरघळत होते. म्हणून मी ठरवलं, जे काय व्हायचं ते त्या मेंदूसमोरच होऊ दे. काकांना घेऊन मी घोडबंदरला गेले.

त्या मुलीनं आम्हाला बसवलं, पाणी दिलं. काकांनी विषय काढला तेव्हा ती गोंधळली नाही. म्हणाली, घरच्यांची इच्छा असेल तर परत देता येईल, जेवढं उरलं असेल तेवढं. निर्णय ताईंचा, म्हणजे माझा. मग तिनं आम्हाला आत नेलं. काचेपलीकडे एका बरणीत, पाण्यासारख्या औषधात, मेंदूची एक बाजू होती. दुसरी बाजू मोठ्या फ्रिजमध्ये गोठवून ठेवलेली. मला वाटलं होतं मला काहीतरी भयंकर वाटेल. मला आई आठवली नाही, मेंदूच दिसला. करड्या रंगाचा, लहानसा. एवढ्याशा जागेत डोंबिवलीतल्या सगळ्या घरांचा मसाला मावला होता.

काकांनी काचेला हात जोडले. मग त्या मुलीला विचारलं, "काय कळलं ह्यातून?"

"अजून काही नाही, काका. वेळ लागतो."

"पण कळेल ना?"

"खोटं नाही सांगत. एकट्या ह्याच्यातून कदाचित काहीच कळणार नाही. असे पुष्कळ लागतात."

"बघ," काका माझ्याकडे वळले. त्यांचे डोळे भरले होते. "काही कळणार पण नाही म्हणतेय. मग देऊन टाक की मला. मी नदीत सोडतो आणि मोकळा होतो."

मी त्यांचा हात धरला. मी म्हटलं, "काका, आईच्या पाठीतलं पाणी तपासलं, आणि कळलं की सूज आहे. ती तपासणी कुठून आली? आईच्या आधी कुणालातरी हेच झालं असेल. त्यांचा हात उडाला असेल, त्यांनाही लोक वेडे म्हणाले असतील, आणि ती माणसं काय झालंय ते न कळताच गेली. त्यांचं रक्त, त्यांचं पाणी, त्यांचे मेंदू कुणीतरी दिले. तेव्हाही कुणी सांगितलं असेल, कदाचित काहीच कळणार नाही. त्यांच्या घरच्यांनी ते परत मागितलं असतं, तर आईनं पुन्हा तुम्हाला ओळखलंच नसतं. ती पाच-सहा वर्षं तुम्ही रविवारी येऊन जेवलात ना? ती कुणाच्यातरी वहिनीनं दिलीत आपल्याला. मी नाही देणार परत."

काका काचेकडे बघत राहिले. फ्रिजची घरघर तेवढी ऐकू येत होती. मला वाटलं ते आता पुन्हा रडतील, आणि मी मनाशी पाय रोवून उभी राहिले.

"मग कावळ्याला काय सांगू?" ते म्हणाले.

"माझं नाव सांगा."

निघताना ते दारातून मागे फिरले आणि त्या मुलीला म्हणाले, "फ्रिज बंद नाही ना पडत? आमच्याकडे लाइट जाते." ती म्हणाली, जनरेटर आहे, काका. त्यांनी मान हलवली. परतीच्या वाटेवर ते माझ्याशी एक शब्द बोलले नाहीत.

पुढच्या पितृपक्षात त्यांनी मला बोलावणं पाठवलं. मी गेले तर ते पान घेऊन गच्चीवर निघालेले. मी मागोमाग चढले. कठड्यावर पान ठेवून त्यांनी हात जोडले. समोरच्या टाकीवर कावळा होता.

"वहिनी," काका खणखणीत आवाजात म्हणाले, "मी शब्द दिलेला. जाऊन मागितला. हिनं दिला नाही. ही इथे उभी आहे, काय विचारायचं ते हिलाच विचारा."

कावळ्यानं मान वाकडी करून आधी त्यांच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. मी आई गाळ्यात उभी राहायची तशी कमरेवर हात ठेवून उभी राहिले.

"विचारू दे," मी म्हटलं.